डावीकडची पाकळी

माडवणे गावात पावणाईदेवीच्या मनात काय आहे हे एकाच माणसाला कळायचं, आणि तो माणूस म्हणजे परशुराम गुरव. यात त्याची काही कर्तबगारी नव्हती. आधी आजोबा सांगत, मग वडील सांगू लागले, ते गेल्यावर याच्या गळ्यात पडलं. आचऱ्याहून खाडीच्या कडेकडेनं आत आलं की हे गाव लागतं. तिथं कुणाचा बैल हरवला, कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणा चाकरमान्याला मुंबईत खोली घ्यायची झाली, की सगळे देवळाची पायरी चढत आणि परशुरामच्या तोंडाकडे बघत बसत. पंचावन्नाच्या आसपासचा, काटकुळा, खांद्यावर पंचा टाकलेला हा माणूस. एरवी त्याच्या तोंडाकडे बघावं असं त्यात काही नव्हतं.

कौल लावायची रीत अशी. गाभाऱ्यात देवीचा काळा पाषाण. त्याच्या दोन्ही अंगांना तगरीची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची. बाहेर गावचा मानकरी गाऱ्हाणं घालणार, लोक ‘होय म्हाराजा’ म्हणणार (देवी असली तरी गाऱ्हाण्यात ती म्हाराजाच), आणि मग सगळ्यांनी गप्प राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवं-डावं बघणाऱ्याच्या हाताचं धरायचं. शेजारच्या गावात ते देवीच्या हाताचं धरतात, म्हणजे नेमकं उलट, आणि त्या गावाचं आजवर भलं झालं नाही ते त्यामुळेच, यावर माडवण्यात कुणाचं दुमत नाही. गाभाऱ्यात गुरवाखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही. पाषाणाला मधेच हात लावायचा नाही. गुरवानं सांगायचं आणि गावानं ऐकायचं.

उजेड काय तो एका समईचा. गावात वीज आली तेव्हा गाभाऱ्यात बल्ब लावावा काय असं देवीला विचारून झालं होतं. डावा कौल आला. तेव्हा परशुरामचे डोळे ठणठणीत होते आणि डावी पाकळी पडताना त्यानं स्वच्छ बघितली होती. मनातून त्याला तो नकार बराही वाटला, कारण बल्ब लागला असता तर कोपऱ्यातली कोळिष्टकं गावाला दिसली असती आणि ती काढायचं काम याच्याच अंगावर आलं असतं.

हे काम बाहेरून सोपं वाटतं. पाकळ्या लावा, उभे राहा, एक शब्द बोला. पण त्या एका शब्दानं माणूस किती पिकतो ते परशुरामला विचारावं. काम फत्ते झालं तर देवी पावली. फसलं तर गुरवानं नीट बघितलं नसेल. ज्याचा बैल सापडला नाही तो वर्षभर याच्याशी बोलत नसे. ज्याचा सापडला तो नारळ देवीपुढे फोडून खोबरं घरी घेऊन जाई. सण नाही, पाऊस नाही, अंगात ताप असला तरी कौलाला उभं राहायचंच. मुलगा नव्हता. एकुलती मुलगी खारेपाटणला दिलेली. आपल्यामागे हे सगळं चुलतभाऊ भिकाजीच्या घरात जाणार हे त्याला ठाऊक होतं, आणि भिकाजीलाही ठाऊक होतं. तरी परशुरामनं ते सोडलं नाही. थकलेला माणूससुद्धा आपलं म्हणून जे असतं ते धरून ठेवतो. गाभाऱ्याबाहेर तो कोण होता? चार माड आणि एक गळकं घर असलेला गुरव. आत उभा राहिला की मात्र सगळा गाव श्वास धरून असे.

ब्याऐंशीच्या पावसात त्याला समईच्या ज्योतीभोवती रंगांचं कडं दिसू लागलं. पहिल्यांदा त्याला वाटलं, देवीचाच काहीतरी चमत्कार. त्यानं हात जोडले. मग कपाळ ठणकायला लागलं तेव्हा चमत्कार बाजूला राहिला आणि बायको मथुरा त्याला मालवणला घेऊन गेली. तिथं दर गुरुवारी कोल्हापूरचे डोळ्यांचे डॉक्टर यायचे. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, “काचबिंदू आहे.”

“पिकल्यावर काढतात तोच ना?” परशुरामनं ऑफिसातल्या मराठीत विचारलं.

“तो मोतीबिंदू. तो काढला की दिसतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची. हे थेंब दिवसातून चार वेळा घालायचे, जन्मभर. एक वेळही चुकवायची नाही.”

मथुरानं ती कुपी पदराच्या गाठीत बांधून आणली आणि त्या दिवसापासून ते काम आपल्याकडे घेतलं. सकाळी चुलीवर चहा ठेवला की ती त्याच्या मागे येऊन उभी राही आणि म्हणे, “वर बघा.” थेंब झोंबायचे. भुवईच्या वर दुखायचं. परशुराम पंच्यानं गाल पुसत असे.

आणि मग गाभाऱ्यात काळोख झाला. बाहेर अंगणात, उन्हात सगळं ठीक दिसे, पण उंबरठा ओलांडून आत गेलं की रांजणात उतरल्यासारखं वाटे. समई तेवढी दिसे, पाषाण अंदाजानं दिसे. पांढऱ्या पाकळ्या लावल्यावर त्या तिथं आहेत हे त्याला ठाऊक असे, म्हणून त्या दिसतात असं वाटे. दुखणं वाढलं, दुसरं काय, असं तो धरून चालला. कुणाला सांगितलं नाही. गुरवाला दिसत नाही हे गावाला सांगायचं म्हणजे गाभाऱ्याची किल्ली भिकाजीच्या हातात द्यायची.

याच दिवसांत सरलाचा कौल आला.

सरला ही गावचे मानकरी जयराम यांची मुलगी. बालवाडीत शिकवायची. शांत, पण समोरच्याकडे नीट बघून बोलणारी. तिच्या परसात तगरीचं मोठं झाड होतं आणि कौलासाठी लागणारी फुलं लहानपणापासून तीच परडीतून आणून देई. तिला वैभववाडीहून स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, घरचं बरं. ते दोघं कणकवलीला कुठल्याशा शिबिरात एकमेकांना भेटलेही होते आणि सरलाच्या मनात तो भरला होता, हे बायकांमध्ये सगळ्यांना माहीत होतं. स्वतःच्या कौलाची फुलंही तिनंच आणली.

जयरामनी गाऱ्हाणं घातलं. “माये पावणाई, ह्या चेडवाक वैभववाडीसून स्थळ इलाहा. ता करूचा काय नाय करूचा, तुझ्या मनात काय आसा ता आज सांग.”

“होय म्हाराजा,” लोक म्हणाले.

परशुराम आत उभा होता. सकाळीच थेंब पडले होते. त्यानं डोळे ताणले, मिटले, परत उघडले. काहीतरी टपकल्यासारखं वाटलं, पण ते समईचं तेलही असेल. शेवटी तो वाकून अगदी जवळ गेला तेव्हा दोन्ही पाकळ्या पाषाणावर नव्हत्या. आधी कुठली पडली ते देवी जाणे. बाहेर माणसं खोळंबली होती. कुणीतरी खाकरलं.

“डावो,” परशुराम म्हणाला.

डावाच का? याचं उत्तर त्यानं स्वतःला नंतर पुष्कळदा दिलं. नकारानं माणूस आहे तिथंच राहतो, होकारानं तो कुठंतरी निघून जातो. आहे तिथं राहण्यात कमी धोका, एवढाच हिशेब त्या क्षणी त्याच्या डोक्यात आला. वैभववाडीच्या लोकांना नकार कळवला गेला. पुढच्या वर्षी त्या शिक्षकाचं लग्न दुसरीकडे झालं. सरलाला नंतर दोन-तीन स्थळं आली, पण एकदा देवीनं डावं दिलेली मुलगी म्हटल्यावर कुणाचा पाय पुढे पडेना. ती बालवाडीत जात राहिली. फुलंही आणत राहिली. “काका, परडी हय ठेवतंय,” म्हणायची आणि जायची. तिचा आवाज आला की परशुराम आत काहीतरी शोधत असल्याचं सोंग करायचा.

इकडे गावात वेगळीच कुजबुज सुरू झाली. कुणीतरी त्याच्या डोळ्यांकडे नीट बघितलं होतं. मधली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. भिकाजीनं लगेच निदान केलं. अफू! अफू घेणाऱ्यांचे डोळे असेच होतात, कोल्हापूरच्या तालमीत आपण बघितलंय, असं तो तिठ्यावर सांगत सुटला. मथुरालाही ते डोळे चमत्कारिक वाटायला लागले होते. एकदा थेंब घालताना ती म्हणाली, “पयली तुमच्या डोळ्यात बघलंय तर माका मी दिसा. आता दिसणंय नाय.” परशुरामनं ते हसण्यावारी नेलं, पण त्याला ते लागलं.

पुढे भाताच्या कापणीत त्याला ताप आला म्हणून तो आचऱ्याच्या आरोग्य केंद्रात गेला. तिथं नुकताच एक तरुण डॉक्टर आला होता. त्यानं जीभ बघितली, छाती बघितली, पापणी ओढून डोळा बघितला आणि थबकला. खिडकीचं दार लावून घेतलं, बॅटरी आणली. उजेड मारला, काढला, पुन्हा मारला. बाहुली जशीच्या तशी.

“अफू घेता?”

“देवीची शपथ, नाही.”

“झोपेच्या, दुखण्याच्या कसल्या गोळ्या?”

“नाही.”

“आंब्यावर औषध मारायला जाता? कीटकनाशक? घाम फार सुटतो, तोंडाला पाणी येतं, असं काही?”

“मी गुरव आहे, डॉक्टर. कलमं आहेत कुठे माझ्याकडे?”

“डोक्याला कधी मार? डोळा लाल होऊन सुजला होता? मानेवर गाठ?”

एकेक प्रश्नागणिक परशुराम खुर्चीत खचत चालला. इतक्या गोष्टींनी बाहुली आकसते आणि त्यातल्या बहुतेक जिवावरच्या, हे त्याला नवीन होतं. कौलाला आलेल्या माणसाला आपल्या तोंडाकडे बघताना काय वाटत असेल, तेही त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेवटी डॉक्टरनं विचारलं, “डोळ्यात काही घालता काय?”

“थेंब घालतो ना. काचबिंदूचे.”

डॉक्टर मोठ्यानं हसला. “मग आधी नाही सांगायचं? अहो, त्या थेंबांचं कामच ते. बाहुली लहान होते, आतलं पाणी वाहायला वाट होते, डोळ्यातला दाब उतरतो. पण बाहुली म्हणजे खिडकी. खिडकी लहान केली की उजेड कमी येणारच. तुम्हाला अंधारात दिसत नाही, ते दुखण्यामुळे नाही. औषधामुळे.”

पुढे तो असंही म्हणाला की म्हणून थेंब सोडू मात्र नका. पण ते वाक्य परशुरामच्या कानावरून गेलं. बिचाऱ्या डॉक्टरनं खरं तेच सांगितलं होतं. त्या खऱ्यातला आपल्याला हवा तेवढा तुकडा परशुरामनं उचलला आणि बाकीचं आचऱ्यातच ठेवून तो घरी आला.

पुढच्या कौलाच्या दिवशी त्यानं मथुराला सांगितलं, आज थेंब मी देवळात घालतो. घातले नाहीत. आदल्या दिवशीचेही असंच काही सांगून चुकवले होते. आणि गाभाऱ्यात उजेड आला. पाषाण दिसला, पाकळ्या दिसल्या. पाकळीवरचं पाणी चमकतानाही दिसलं. परशुरामच्या डोळ्यांना पाणी आलं. उजवी पाकळी सुटली आणि घरंगळत खाली आली ती त्यानं शेवटपर्यंत पाहिली आणि “उजवो” असं इतक्या जोरानं म्हणाला की बाहेर बसलेला एक म्हातारा दचकला.

सरलासारखं पुन्हा कुणाचं करायचं नाही, हे कारण त्यानं स्वतःला दिलं. ते खोटं नव्हतं. औषध घेतलं की कमी दिसतं आणि सोडलं की जास्त दिसतं, मग खरं औषध कुठलं? असा साधा विचार कुणीही करील. कौल आठवड्यातून एकदा असे तोवर दोन दिवस चुकायचे. पुढे कौल वाढले आणि कुपी देवळाच्या कोनाड्यात महिनेच्या महिने तशीच पडून राहू लागली. बाहुल्या पुन्हा मोठ्या झाल्या. मथुराला वाटलं तो देवळात थेंब घालतो आणि ते लागू पडले. अफूची कुजबुज थांबली. भिकाजी काही दिवस गप्प बसला.

आणि पावणाई पावू लागली. लागोपाठ उजवे कौल. होडीला इंजिन बसवावं काय? उजवा. मुलाला आखातात पाठवावं काय? उजवा. विहीर इथं खणावी काय? उजवा. इतकी खुशीत आलेली देवी गावानं कधी पाहिली नव्हती. चाकरमानी मे महिन्यात रांगा लावू लागले. शेजारच्या गावची, म्हणजे देवीच्या हाताचं उजवं-डावं धरणारी माणसंसुद्धा गुपचूप येऊ लागली. काहींचं खरंच भलं झालं, काहींचं झालं नाही. पण होकार घेऊन गेलेला माणूस बुडाला तरी सहसा भांडायला येत नाही, त्याला स्वतःचीच लाज वाटत असते. परशुराम थकून घरी यायचा, पण तो थकवा त्याला गोड वाटायचा. आपल्या इतक्या वर्षांच्या उभं राहण्याचं देवीनं चीज केलं, असं त्याला वाटू लागलं होतं.

असं वाटू लागलं की माणसानं सावध व्हावं. तो झाला नाही.

शहाऐंशीच्या गणपतीनंतरची गोष्ट. दुपारी जेवताना मथुरानं त्याच्या ताटाकडे बघितलं आणि विचारलं, “आमटेत मीठ कमी झाला हा, वरसून घेऊक नाय?”

“वाढलस खंय?”

“वाढलंय मा. लोणचाय वाढलंय. खोबऱ्याची चटणीय तशीच आसा. चार दिवस बघतंय, तुमी चटणेक हात लावणास नाय. रुसलास काय?”

“अगो, पण खंय वाढलस?”

मथुरानं हातातली पळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “तुमच्या डाव्या हाताक.”

परशुरामनं मान वळवली. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लोणचं, चटणी, सगळं व्यवस्थित होतं. मान सरळ केली. ताट अर्ध्यावर संपलं. पुन्हा वळवली, पुन्हा आलं. त्यानं हात धुतला आणि भर उन्हात देवळाकडे निघाला. वाटेत डावीकडच्या दगडी गडग्याला खांदा घासला तेव्हा त्याला आठवलं, हे हल्ली रोजच होतं.

गाभाऱ्यात त्यानं दोन पाकळ्या लावल्या. कुणीही काही विचारलेलं नव्हतं. तो आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. उजवी दिसत होती. डावी दिसत नव्हती. मान वळवली तेव्हा डावीकडे नुसता काळा पाषाण होता. पाकळी केव्हाच खाली पडली होती आणि त्याला पत्ताही नव्हता.

तो तिथंच भिंतीला टेकून बसला. इतकी वर्षं तो उजव्या पाकळीची वाट बघत उभा राहत होता. डावी पडून गेली तरी तो उभाच असायचा, उजवी पडेपर्यंत. मग “उजवो” म्हणायचा. पडलेल्या दोन्ही पाकळ्या गोळा करून तीर्थाच्या तांब्यात टाकायचा. देवी कुणावरही खूश झालेली नव्हती. त्याचं जग डावीकडून पुसलं जात होतं आणि गाव त्याला होकार समजून नारळ फोडत होतं.

मालवणच्या डॉक्टरांनी या खेपेला त्याला रागावण्याचेही कष्ट घेतले नाहीत. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याचीही आतली, नाकाकडची बाजू गेली. उरलं आहे तेवढं ठेवायचं असेल तर थेंब आजपासून, खंड न पाडता. पुढे शस्त्रक्रियाही करावी लागेल.

एसटीत मथुरा खिडकीबाहेर बघत होती. “थेंब घातल्यार गाभाऱ्यात दिसणा नाय, म्हणान सोडलात ना?” तिनं विचारलं. त्यानं मान डोलावली. कुपी कोनाड्यात सापडली होती, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “माका सांगलात आसतात तर...” एवढं म्हणून ती थांबली. सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. आंगणेवाडीच्या फाट्यानंतर ती म्हणाली, “मी देवीक इचारतंय.”

“काय?”

“थेंब घालूचे आणि गाभारो सोडूचो, की काय करूचा ता. तुमी माझा आयकणास नाय. तिचा तरी आयकशात.”

त्यानं तिला अडवायला हवं होतं. पण अंगात त्राण नव्हतं. ती जयरामकडे जाऊन बोलली आणि शुक्रवार ठरला. त्या सकाळी तिनं नेहमीसारखे थेंब घातले. “वर बघा,” म्हणाली, आणि दोन्ही डोळ्यांत एकेक सोडला.

देऊळ भरलं होतं. गुरवाचाच कौल म्हणजे पोरं-बाळं घेऊन माणसं आली होती. भिकाजी खांबाला टेकून उभा होता. सरलानं परडी उंबऱ्यावर ठेवली आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली. जयरामनी हात जोडले.

“माये पावणाई, तुझ्या ह्या गुरवाच्या डोळ्यांच्या दुखण्याक चार वर्सां झाली, डाक्टरान थेंब सांगलेत. थेंब घातले तर हय गाभाऱ्यात तेका दिसणा नाय. नाय घातले तर डोळे जातत. तेना तुझी सेवा खाली ठेवन थेंब घालूचे काय, ता तू आज सांग.”

“होय म्हाराजा.”

परशुराम आत उभा होता. पाकळ्या त्यानं चाचपून लावल्या होत्या. समोर काळोख होता आणि त्यात समईचा एक पिवळा ठिपका. त्यानं मान डावीकडे वळवली, काही नाही. उजवीकडे वळवली, तिकडेही काही नाही. बाहेर सगळे गप्प झाले. हीच ती शांतता. तिच्यासाठी तो आयुष्यभर इथं उभा राहिला होता आणि तिनंच त्याला म्हातारं केलं होतं.

एक शब्द पुरला असता. “डावो” म्हणायचं. गाभारा राहिला असता, किल्ली राहिली असती, मथुरालाही बोलता आलं नसतं. “उजवो” म्हणायचं, तर देवीच्या आज्ञेनं मानानं बाहेर पडता आलं असतं, कुणी बोट दाखवलं नसतं. दोन्ही शब्द त्याच्या तोंडात तयार होते. इतके कौल सांगितले, त्यात आणखी एक. पण त्याला भयंकर कंटाळा आला. स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा. तो किती वेळ उभा होता कोण जाणे.

“परशुराम, खंयची पडली?” जयरामनी विचारलं.

तो उंबऱ्याशी आला. “माका दिसूक नाय.”

“म्हणजे?”

“खंयची पडली ता माका दिसूक नाय. आज नाय, आणि ह्या चार वर्सांत थेंब घातले तेवाय दिसूक नाय, सोडले तेवा डावी दिसूक नाय. जे उजवे सांगलंय, तेतूतले किती खरे ता मी सांगूक शकणंय नाय.” मग त्यानं कमरेची किल्ली काढून उंबऱ्यावर, परडीशेजारी ठेवली. “ह्योच माझो कौल समजा.”

कुणी ओरडलं नाही. भिकाजी इतक्या वर्षांनी किल्ली समोर दिसत असूनही पुढे आला नाही, खाली मान घालून अंगठ्यानं शहाबादी फरशी उकरत राहिला. होडीला इंजिन बसवणारा, मुलाला आखातात पाठवणारा, सगळे तिथं होते. प्रत्येकजण मनातल्या मनात आपापला कौल काढून बघत होता.

बायकांच्या बाजूनं आवाज आला. “काका.”

तो आवाज त्याला ओळखावा लागला नाही.

“माझ्या कौलाच्या वेळाक थेंब घातलेले?” सरलानं विचारलं. तिचा आवाज मुलांना कविता शिकवताना असतो तसाच सरळ होता.

“होय.”

“मगे डावी पडलेली दिसली तुमका?”

परशुरामला तिचा चेहरा दिसत नव्हता. पण या वेळी त्यानं काही शोधत असल्याचं सोंग केलं नाही.

“नाय गो बाय,” तो म्हणाला. “दिसूक नाय. मी तशीच सांगलंय.”

मथुरानं तोंडाला पदर लावला. जयराम लेकीकडे वळले. मग माणसं एकेक करून उठायला लागली, चपला शोधण्याचा आवाज झाला, पायऱ्यांवरून पावलं उतरत गेली. परशुराम उंबऱ्याच्या बाहेर, उन्हाच्या पट्ट्यात उभा राहिला. त्याच्यावर कुणी थुंकलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं. देऊळ शांत झालं तेव्हा त्यानं समोर बघतच मथुराला विचारलं,

“सरला गेली?”

“नाय,” मथुरा म्हणाली. “हयच उभी आसा. तुमच्या डाव्या हाताक.”

परशुरामनं मान वळवली. बरीच वळवली, तेव्हा ती दिसली.